घाऊक गिऱ्हाईक म्हणे! सीझन तिकीटवाल्यांबद्दल दोन शब्द (दोन नाहीत, बरेच आहेत)

गोलपोस्टवरचा कावळा (रत्नागिरी)

काल रात्री आपल्या इथे 'मार्केट रेट' यांनी एक पोस्ट टाकली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी सार: फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट (सीझनभराच्या घरच्या मॅचेसचं एकत्र तिकीट) घेणारा क्लबवर उपकार करत नाही, तो घाऊक गिऱ्हाईक आहे. घाऊकात मिळते ती सूट त्याला मिळाली, व्यवहार संपला. वर 'निष्ठेचं बक्षीस' मागणं म्हणजे लग्नात जेवून झाल्यावर आहेर परत मागण्यासारखं. खाली तीन हसणारी तोंडं.

पोस्ट वाचून आडवा झालो, झोप येईना. त्या तीन तोंडांमुळे.

तर एका घाऊक गिऱ्हाइकाची गोष्ट ऐका. इंग्लंडातला हडर्सफिल्ड टाउन क्लब लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर रुतून बसलेला असताना चेअरमन डीन हॉइल यांनी शब्द दिला होता की जे खंड न पाडता दरवर्षी सीझन कार्ड घेत राहतील, त्यांना आपण प्रीमियर लीगमध्ये गेलो तर कार्ड १०० पौंडांत. लोक हसले असणार. १९७२ नंतर वरच्या पातळीचं तोंड न पाहिलेला क्लब तो. आमच्या आळीतल्या संघाने संतोष ट्रॉफीच्या गप्पा माराव्यात तसं. २०१७ च्या मे महिन्यात वेम्बलीवर रेडिंगला पेनल्टीवर हरवून ते खरंच वर गेले, आणि हॉइलनी शब्द पाळला. घरच्या १९ मॅचेस, १०० पौंड. मॅचमागे सव्वापाच.

शब्द दिला तेव्हा त्या कार्डाला कुत्रं विचारत नव्हतं. पाळला तेव्हा तेच कार्ड कितीही भावाला खपलं असतं. मला त्यातला हा मधला काळ महत्त्वाचा वाटतो. पावसात, बरोबरीत सुटणाऱ्या रटाळ मॅचेसना, मंगळवारी रात्री जाऊन बसलेली माणसं त्या काळात होती.

आता दुसरं टोक. ६ फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड. नव्या मेन स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड ठरवलं होतं. संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, मॅच सुटली २-२. मी पुढ्यात जेवणाचं ताट घेऊन बघत होतो, आमटी गार झाली. आठवडा उलटायच्या आत मालकांनी माफी मागितली आणि ७७ मागे घेतले. घाऊक गिऱ्हाईक दुकानातून असं उठून गेलं तर दुकानदार दुसरं शोधतो, माफीनामा लिहीत नाही. म्हणजे नातं गिऱ्हाइकाचं नाही हे मालकांनाही कळतं, फक्त उशिरा.

आणि लंडनचा टॉटनहॅम क्लब? २०२४ मध्ये जाहीर केलं की ज्येष्ठांना नव्याने सवलतीचं सीझन तिकीट नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची सवलत दरवर्षी थोडी थोडी खरवडत निम्म्यावर आणणार. पन्नास वर्षं बसलेल्या आजोबांना हा निरोप.

माझं म्हणणं एवढंच: पडत्या काळात ज्याने पैसे मोजले, त्याचा चढत्या काळातला भाव आधी ठरलेला असावा. लेखी. स्कार्फ, बिल्ला आणि 'प्रिय निष्ठावंत' वाले मेल तुमचे तुम्हाला ठेवा.

मार्केट रेट (मूळ चिपळूण, मुक्काम ठाणे)

कावळेसाहेब, झोप उडवल्याबद्दल क्षमस्व. तोंडं तीन नव्हती, दोन होती. तिसरा अंगठा होता.

हडर्सफिल्डची गोष्ट अर्धीच सांगितलीत. वर जेमतेम दोन सीझन टिकले. दुसऱ्या सीझनला ३८ मॅचेसमध्ये १६ गुण, तळाला, खाली. शब्द पाळला, पण गोलकीपरपुढे चार धड माणसं उभी करता आली नाहीत. गल्ल्यावर भावनेला बसवलं की असंच होतं.

दुसरं. सीझन तिकीटवाल्याला सगळ्यात मोठं बक्षीस आधीच मिळालेलं असतं: ती सीट. दरवर्षी पहिला हक्क त्याचा. मोठ्या क्लबांच्या वेटिंग लिस्टा वर्षानुवर्षं हलत नाहीत, का हलत नाहीत? कारण कोणी सोडतच नाही. बाप गेला की मुलाच्या नावावर करायची खटपट. तुमच्या निष्ठावंताच्या बुडाखाली एक वीस वर्षांचा पोरगा अडकून पडलाय, त्याचं प्रेम मोजायला तुमच्याकडे कुठलं माप आहे? तो १९७२ नंतर जन्मला हा त्याचा गुन्हा?

तिसरं, यातले किती निष्ठावंत दरवेळी जातात? हवा बरी असेल आणि समोर मँचेस्टर युनायटेड असेल तर जातात. नाहीतर सीट रिकामी, किंवा कोणाला तरी चढ्या भावाने विकलेली. म्हणून तर काही क्लबांनी नियम केले, की ठरावीक मॅचेसना या, नाहीतर सीट सोडा.

आणि भाव मागणीवर ठरतो हो. आपल्या कोकणात काय वेगळं आहे? मार्चची आंब्याची पहिली पेटी बागायतदार जुन्या गिऱ्हाइकाला स्वस्तात देतो का? तेव्हा नाही कोणाला निष्ठा आठवत.

पावसचा बागायतदार

देतो. नावं सांगू?

मार्केट रेट

काका, तुम्ही अपवाद असाल.

पावसचा बागायतदार

मी काका नाही, पंचेचाळीस वय आहे. आणि अपवादही नाही. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पुतण्याने ही चर्चा दाखवली म्हणून आलो. आता आलोच आहे तर ऐका.

२०२० चा एप्रिल. माल झाडावर, मार्केट विस्कळीत, ट्रक मिळेना. आंबा थांबत नाही हो, त्याला लॉकडाऊन कळत नाही. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या माणसांनी आगाऊ पैसे पाठवले. पेटी पोचेल की नाही याची खात्री नसताना. बावीस घरं होती. त्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर आहेत. त्यावर जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळ, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. तौक्तेने माझी सतरा कलमं मुळासकट आडवी केली. त्या बावीसांतल्या एकोणीस जणांनी पुढच्या वर्षी विचारलं, "यंदा आहे का काही?" त्या पानावरच्या माणसांना आजही पेटी वहीतल्या भावाने जाते. मार्च असो नाहीतर मे. बाहेर भाव दुप्पट असला तरी.

तुमच्या त्या हडर्सफिल्डच्या चेअरमनला मी ओळखत नाही, पण त्याने काय केलं ते मला बरोबर कळलं.

गोलपोस्टवरचा कावळा

या, बसा. (बागायतदारांना खुर्ची द्या रे कोणीतरी.)

दादरचा जावई

बसा बसा, पण एक ऐकून बसा. मी सतरा वर्षं एकाच बागायतदाराकडून पेटी घेतो. तुमच्याकडून नाही, गावही सांगत नाही, सासुरवाडीचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी पाच डझनांतले निम्मे कापले तर आत साका. पांढरट, रबरासारखं, खाववत नाही. फोन केला. उत्तर: "निसर्ग आहे, आमच्या हातात काय?" त्याच आठवड्यात त्याच माणसाची ऑनलाइन जाहिरात बघितली: 'नवीन ग्राहकांसाठी खास, खराब फळ बदलून मिळेल.' नवीन! ग्राहकांसाठी! सतरा वर्षं मी काय, भात कांडत होतो?

कावळेसाहेब, तुमच्या टॉटनहॅमच्या आजोबांचं दुःख मला आतून कळलं.

पावसचा बागायतदार

जावईबापू, त्या माणसाची वकिली मी करत नाही. बदलून द्यायला हवी होती. पण साक्याचं ऐकून घ्या. साका बाहेरून दिसत नाही. देवाला पण दिसत नाही. फळ झाडावर जास्त पिकू दिलं, खालून जमिनीची धग लागली, तोडून उन्हात ठेवलं की साका धरतो. म्हणून चौदा आणे, म्हणजे पुरता पिकायच्या जरा आधी, तयार झाला की काढायचा, देठासकट, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), आणि लगेच सावलीत न्यायचा. एवढं करूनसुद्धा शेकड्यात काही निघतोच. तुम्हाला सगळ्यांना रंग चढलेला, झाडपिका हवा असतो. झाडपिका मागायचा आणि साक्यावर ओरडायचं, दोन्ही कसं जमेल?

साका नकोच असेल तर दापोली विद्यापीठाचा 'रत्ना' घ्या. नीलम आणि हापूसचा संकर. साका धरत नाही.

दादरचा जावई

रत्ना?! मी हापूसचे पैसे देतो हो!

पावसचा बागायतदार

मग हापूसचे नखरेपण घ्या. निष्ठा म्हणतात ती हीच ना? की फक्त जिंकलेल्या मॅचचे पैसे देणार?

मार्केट रेट

वा! शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे हे बागायतदारांच्या लक्षात आलंय का?

पावसचा बागायतदार

तुमच्या बाजूचं काहीच नाही. तुम्ही बाजूला राहा.

खेडचा भाचा

आंबे जरा आढीत ठेवा. माझा मामा यॉर्कशरमध्ये राहतो, गिरणीत कामाला गेलेल्या आजोबांच्या मागोमाग गेला. खालच्या लीगमधला एक क्लब आहे, नाव नाही सांगणार, मामा अजून तिथेच जातो. चौदा वर्षं सीझन तिकीट. घरून डबा, त्यात खिमा नि पाव, शेजारच्या सीटवरचा म्हातारा गोरा निम्मा डबा खायचा. पंधराव्या वर्षी माझी नानी आजारी पडली, मामा आठ महिने इथे खेडला होता. तिकीट नूतनीकरणाची तारीख गेली. परत गेला तर चौदा वर्षांची 'सलग' गणती शून्यावर. रांगेत सगळ्यात मागे. खिडकीवरच्या पोरीने सांगितलं, सिस्टीममध्ये कारण लिहायला जागाच नाही.

मार्केट रेट भाई, तुम्ही म्हणता सीट हेच बक्षीस. मग ते बक्षीस आईच्या उशाशी बसलं म्हणून जातं कसं? आणि कावळेभाई, राग मानू नका, पण तुमचं ते 'खंड न पाडता' सुद्धा मला टोचलं. ज्याच्या घरी कधी कोणी आजारी पडत नाही तोच निष्ठावंत का?

गोलपोस्टवरचा कावळा

... हे मी धरलंच नव्हतं. मान्य. अर्धं मान्य. अट नसेल तर शब्दाला अर्थ उरत नाही, पण रजेची सोय हवी. बार्सिलोनाने आपल्या मैदानाचं, कॅम्प नोऊचं, काम काढलं आणि २०२३ ला मॉन्जुइकच्या मैदानावर गेले, तेव्हा ज्या सभासदांना तिकडे जायचं नव्हतं त्यांना सीटचा हक्क राखून सुट्टी घेता आली. म्हणजे सिस्टीममध्ये जागा करता येते, करायची असली तर.

नानी आता कशा आहेत?

खेडचा भाचा

गेल्या. तीन वर्षं झाली.

कोपऱ्यातली सीट (अलिबाग)

मघापासून वाचतेय. सगळे बाप्ये निष्ठेचं माप वर्षांत आणि पैशांत मोजताहेत, म्हणून लिहिते.

बाहेरगावच्या मॅचची तिकिटं पॉइंटवर मिळतात. पॉइंट कसे मिळतात? आधीच्या बाहेरगावच्या मॅचना गेलं की. म्हणजे गेला तो जातो, जाऊ न शकलेला कधीच जात नाही. टीव्हीवाल्यांच्या सोयीने मॅच सोमवारी रात्री ढकलली, परतीची शेवटची गाडी चुकली, तर कोण राहू शकतं? लहान पोर घरी ठेवून आलेली बाई? रात्रपाळीची नर्स? ही निष्ठेची परीक्षा नाही, सवडीची आहे. आणि सवड कोणाला असते ते तुमच्या घरात बघा. २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली, छान झालं, पण पॉइंटांची शिडी तिथेच आहे.

आमच्या गावच्या जत्रेत नाटकाला पुढच्या दोन रांगा 'जुन्या देणगीदारांना'. माझी आजी पन्नास वर्षं दर जत्रेला पहाटेपर्यंत बसलेली बाई. वर्गणी आजोबांच्या नावावर लागायची. आजोबा वारले आणि त्या वर्षी आजीला मागे गोणपाटावर बसवलं, कारण यादीत तिचं नाव नव्हतं. आजोबा आयुष्यात एकही नाटक जागे राहून बघू शकले नव्हते.

म्हणून कोणी 'जुन्यांचा मान' म्हणालं की मी आधी विचारते, यादी कोणी केली?

गोलपोस्टवरचा कावळा

ताई, यादीत चुका होतात म्हणून यादीच नको, असं आहे का तुमचं?

कोपऱ्यातली सीट (अलिबाग)

माझं असं कुठे लिहिलंय? वाचा पुन्हा. मी म्हटलं यादी कोणी केली. तुम्हाला 'अर्धं मान्य' करायची सवयच दिसते.

दर्यावर्दी (हर्णै)

मी बोटीवर होतो, तीस वर्षं. आता गुडघे आणि वर्तमानपत्र. लिव्हरपूलला आमची बोट लागायची ८० च्या दशकात. गोदीतला एक क्रेनवाला होता, त्याने मला एकदा गुडिसन पार्कला नेलं, एव्हर्टनच्या मॅचला. बसायला जागा वगैरे काही नाही, उभं राहायचं. लोखंडी कठड्याला टेकून एक जागा होती, म्हणाला ही आमची, माझा बाप इथेच उभा राहायचा. तिच्यावर नंबर नव्हता, नाव नव्हतं. पण खचाखच गर्दीत ती जागा रिकामी ठेवलेली होती. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो तरी.

१५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. माणसं चिरडली गेली, एकूण ९७ जीव. पुढे त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल आला, वरच्या दोन लीगमध्ये सगळीकडे खुर्च्या. ते योग्यच होतं, त्यावर वाद घालू नका कोणी. पण खुर्ची आली, खुर्चीला नंबर आला, नंबराला भाव आला. जर्मनांनी उभं राहणं ठेवलं. डॉर्टमुंडच्या मैदानात दक्षिणेच्या बाजूला अजून २५,००० च्या जवळपास माणूस उभा राहतो, आणि इंग्लंडच्या मानाने फार स्वस्तात.

गुडिसनवर पुरुष संघाची शेवटची मॅच २०२५ च्या मे महिन्यात झाली. नवं मैदान ब्रॅम्ली-मूर डॉकवर बांधलंय. गोदीत! क्रेनवाला असता तर म्हणाला असता, कामावरून सुटायचं आणि कामावरच यायचं.

मार्केट रेट

काका, आठवण सुंदर आहे, खरंच. पण आठवणीवर पगार निघत नाहीत. २०२५-२६ पर्यंत तर नियमच होता, तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांच्या वर तोटा दाखवला की प्रीमियर लीग कारवाई करायची. गेटचा पैसा मोजावाच लागतो.

गोलपोस्टवरचा कावळा

आता हिशेबच काढताय तर पूर्ण काढू, हिशेबनीस. २०१६ ते २०१९ या तीन सीझनचे इंग्लंडातले टीव्ही हक्क ५१३ कोटी पौंडांना गेले. २०१७-१८ ला लीगच्या वाटपातून सगळ्यात कमी मिळालेल्या क्लबलाही ९ कोटींच्या वर मिळाले. समजा हडर्सफिल्डने दहा हजार माणसांना प्रत्येकी ४०० पौंड सोडले असं धरलं (खरा आकडा एवढा नसणारच, तुमच्या बाजूने फुगवतोय), तर झाले ४० लाख. नऊ कोटींपुढे चाळीस लाख! तेवढ्यात त्या काळी बरा डावा बॅकसुद्धा येत नव्हता. १६ गुणांचं खापर १०० पौंडांवर फोडू नका. खेळाडू चुकीचे घेतले असतील, नशीब फुटलं असेल, पण जुन्यांच्या कार्डामुळे कोणी खाली गेलं नाही.

मार्केट रेट

ठीक. हडर्सफिल्डपुरतं मागे घेतो. *हडर्सफिल्डपुरतं.* उड्या मारू नका.

दादरचा जावई

मला अजून उत्तर मिळालेलं नाही. नवीन ग्राहकाला बदलून, जुन्याला निसर्ग. हे का?

पावसचा बागायतदार

कारण तुम्ही जाणार नाही हे त्याला माहीत आहे! सतरा वर्षं गेला नाहीत. नवा मात्र उद्या दुसरीकडे जाईल. एवढं साधं आहे. मी बरोबर म्हणत नाही, कसं होतं ते सांगतोय. आणि लोक आम्हालाच बोलतात. कर्नाटकाचा आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकणारा वेगळाच असतो. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, कोकणातले पाच जिल्हे ठरले, तरी रस्त्यावरच्या खोक्याला कोण विचारतो दाखला? तुम्ही 'दोनशे रुपये कमी' बघता आणि घेता. मग मे महिन्यात मला फोन, "तुमचा आंबा यंदा गोड नाही." अहो, माझा घेतलाच नाहीत!

दादरचा जावई

मी रस्त्यावरून घेतला असं म्हणायचंय तुम्हाला? तोंड सांभाळून बोला.

पावसचा बागायतदार

तुम्ही नाही हो, सगळे! मोहोर आला की थ्रिप्सची कीड, कैरी धरली की अवकाळी, फवारणीचं बिल बघितलंत तर पेटी हातातून पडेल. एक वर्ष झाड भरतं, पुढच्या वर्षी हात राखतं. त्या राखलेल्या वर्षी कोणी विचारत नाही बाबा तू कसा आहेस. भाव पडला की सगळे जुने गिऱ्हाईक, भाव चढला की आम्ही लुटारू.

कोपऱ्यातली सीट (अलिबाग)

हा शेवटचा परिच्छेद हडर्सफिल्डच्या चेअरमननेसुद्धा लिहिला असता.

वाडीकर (सावंतवाडी)

अरे मेल्यांनू, फुटबॉल ऱ्हवलो बाजूक नि तुमी आंब्याची आढी घालून बसलास. माका इंग्लंडातला कायएक म्हायत नाय. आमी पत्रादेवी पार करून गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानार एफसी गोवाची मॅच बघूक जाणारी माणसां. २२ ऑक्टोबर २०२५ क रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र इल्ली. रोनाल्डो येतलो म्हणान ज्येंनी जल्मात फुटबॉल बघूक नाय, त्येंनी पण तिकिटां काढल्यानी. रोनाल्डो इलोच नाय! अर्धी गाडी तोंड पाडून. मी खुश. ब्रायसनान गोल मारल्यान तो ह्या डोळ्यांनी बघलंय. २-१ हरलो, हरूंदे.

आणि तुमी सीझन तिकिटावर बक्षीस मागतास? आमच्या हयचो आयएसएलचो (देशातल्या वरच्या लीगचो) २०२५-२६ चो सीझनच येळेर सुरू झालो नाय. जुलयत सांगल्यानी, थांबा. आमी थांबलो. तेवा सीझनच नाय तर सीझन तिकीट खयचा? आधी धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग २०१६ क आय-लीगमधून भायर पडले, तेवा पण आमीच थांबलो. निष्ठा बघूची तर हय येवा.

गोलपोस्टवरचा कावळा

वाडीकरांपुढे माझ्याकडे शब्द नाहीत. खरं सांगायचं तर रोनाल्डोचं तिकीट मीही बघत होतो, मिळालं नाही.

वाडीकर (सावंतवाडी)

बघलास? ह्यो निष्ठेवर निबंध लिवतलो, नि तिकीट बघी होतो रोनाल्डोचा.

मार्केट रेट

आता मात्र तीन हसणारी तोंडं टाकतो. मोजून घ्या.

गोलपोस्टवरचा कावळा

घ्या टाकून. पण मूळ प्रश्नावर या. हॉइलसारखा करार, त्यात भाच्याच्या मामासाठी रजेची सोय, आणि अलिबागच्या ताई म्हणतात तशी यादी बनवताना चाहत्यांचे लोक आत. जर्मनीत ५०+१ च्या नियमामुळे क्लबात मतांचं बहुमत सभासदांच्या हातात राहतं. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात लीगमध्ये गुंतवणूकदार आणायचा घाट घातला तेव्हा लोकांनी मैदानावर टेनिस बॉल फेकून फेकून मॅचेस थांबवल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने तो बेत गुंडाळला. बिल्ल्यापेक्षा मत बरं. याला तुमचा विरोध आहे का, हो की नाही?

मार्केट रेट

मताला विरोध नाही. रजेला विरोध नाही. मामाचं वाचून मलाही वाईट वाटलं, मी काही दगड नाही. पण वेटिंगवरच्या पोराचं तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत. दरवर्षी काही सीटा नव्यांसाठी मोकळ्या ठेवा, जुन्यांनी थोडं सरकून बसावं, एवढं मान्य असेल तर मी हॉइलचे १०० पौंड मान्य करतो.

कोपऱ्यातली सीट (अलिबाग)

त्या मोकळ्या सीटांची यादी कोण करणार?

गोलपोस्टवरचा कावळा

अर्धं मान्य.

दर्यावर्दी (हर्णै)

जेवून घ्या रे आता सगळे.

दादरचा जावई

बागायतदार, मघाशी जास्त बोललो. पण त्या माणसाला या वर्षी सोडायचं ठरवलंय. तुमच्या वहीत जागा आहे का?

पावसचा बागायतदार

सतरा वर्षं सोडलं नाहीत त्याला, आता कशाला? आधी त्याला फोन करून सरळ सांगा की जाहिरात बघितली. नाहीच ऐकलं तर या. पहिल्या पानावर नाही, मागच्या पानावर घेतो.

मार्केट रेट

काका... म्हणजे दादा, माझीही एक पेटी. मार्चची. वहीतल्या भावाने मिळेल का?

पावसचा बागायतदार

तुम्हाला मार्केट रेट. आणि वेटिंग आहे.